नवी चाकं पुढे

बर्फात रुतून पकड घेणारे लोखंडी खिळे ज्यांना नसतात, त्या बिनखिळ्यांच्या टायरांची आर्मासला किळस होती. पेट्रोल पंपाच्या आवारात तसली गाडी दिसली की तो कॉफीचा कप हातात घेऊन मुद्दाम बाहेर यायचा, चाकाला बुटाचं टोक मारायचा आणि आत जाऊन टेबलावरच्या मंडळींना सांगायचा, "आला बघा आणखी एक! चाकांना चपला घालून बर्फावर निघालाय." मंडळी हसायची. हसतील नाही तर काय करतील? उत्तरेकडच्या आमच्या सारिकोस्की गावात हिवाळाभर दुसरा विषय तरी कुठला असतो, आणि इतका दीडशहाणा माणूस फुकटात ऐकायला मिळत असेल तर कोण सोडतो!

जन्मभर शाळेची बस चालवली, एकदाही रस्ता सोडला नाही, ही त्याची शेखी. त्या बसचे टायर निवडायचं आणि बदलायचं काम बसमालकाचं होतं, हे मात्र तो कधी बोलायचा नाही. घरच्या गाडीचं म्हणाल तर तिथे बायकोचं, हिल्क्काचं, चालायचं. "चारही एकदम घे, नाहीतर मी चालत जाईन," एवढंच ती म्हणायची आणि हा गुमान चार घेऊन यायचा. हिल्क्का गेल्या वसंतात वारली आणि म्हाताऱ्याला रान मोकळं मिळालं.

या हिवाळ्यात त्याने खिळ्यांचे टायर आणले, पण दोनच. लावले पुढे. मागे जुनेच राहिले. त्यांचे निम्मे खिळे कधीच झडून गेले होते. का, तर पंपावरच्या टेबलावर मूठ आपटून साहेब सांगणार, "गाडी ओढतं कोण? पुढची चाकं! मग चांगली चाकं कुठे हवीत? पुढे! एवढी साधी अक्कल नाही लोकांना." महिनाभर हेच पुराण चाललं होतं.

डिसेंबरात आर्मासची मुलगी घरी आली, मारित तिचं नाव. सोबत तिची सहा वर्षांची विल्मा, आणि नवरा वेसा. वेसा राजधानीचा, शांत, आणि बिनखिळ्यांच्या टायरांवर उत्तरेपर्यंत येणारा. म्हणजे आर्मासच्या लेखी माणसात जमाच नाही. अंगणात उतरल्या उतरल्या मारित बापाच्या गाडीमागे वाकली.

"बाबा, मागचे खिळे कुठे गेले?"

"पडले. मागची चाकं करतात काय? नुसती मागे मागे येतात. तुझ्या वेसासारखी."

वेसा सामान उतरवत राहिला. मारित हसली नाही. "आणि विल्मा कुठे बसते?"

आर्मासने टोपी सारखी केली.

"तू बसतोस तिथे नवीकोरी, माझी पोर बसते तिथे टकली. वा रे उक्की!" विल्मा आजोबांना उक्की म्हणायची, तोच शब्द मारितने असा काही उच्चारला की म्हाताऱ्याचे कान लाल झाले. "चारही सारखी होईपर्यंत ती तुझ्या गाडीत पाऊल टाकणार नाही."

"नाताळच्या आदल्या दिवशीसुद्धा?"

"तेव्हासुद्धा नाही."

हे मात्र त्याच्या वर्मी लागलं. त्या दिवशी सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला जातं. हिल्क्काशिवायचा हा पहिलाच नाताळ. आजीची मेणबत्ती मांडीवर धरून विल्मा उक्कीच्या गाडीतून जाणार, दोघंच जाणार, असं दोघांनी उन्हाळ्यातच ठरवलं होतं. आर्मास त्या एका दिवसाच्या आशेवर शरद ऋतू ढकलत आला होता. टायरांचं दुकान पंपासमोरच, रस्त्यापलीकडे होतं. सकाळी जाऊन आणखी दोन टायर बसवले असते की मिटलं असतं. पण पंपावरच्या टेबलाने पाहिलं असतं ना! म्हणून हा गेला नाही. अशा माणसाची कीव तरी कुणी आणि कशासाठी करावी?

नाताळच्या आदल्या दिवशी, दुपारची खीर खाऊन सगळे निघाले, तेव्हा आमच्याकडे हिवाळ्यात दुपारीच पडतो तसा काळोख पडलाच होता. वेसाची गाडी पुढे, संथ. मागच्या खिडकीत विल्माची लाल टोपी. मागून आर्मास एकटा, चडफडत. "हे चपलावाले पोचायचे कधी!" सरळ रस्ता लागताच त्याने हॉर्न वाजवून त्यांना मागे टाकलं. विल्माने हात हलवला. तेवढ्याने गडी खूश.

चर्चच्या अलीकडे नदीकडे उतरतं वळण आहे. तिथे त्याने वेग कमी केला. पुढच्या चाकांनी पकड घेतली, अगदी झकास घेतली. मागची मात्र नुसती मागे मागे येईनात. ती बाजूने पुढे निघाली. गाडी गर्रकन फिरली आणि शेपटाकडून बर्फाच्या ढिगाऱ्यात रुतली. तोंड आल्या वाटेकडे. थोड्या वेळाने वेसाची गाडी वळणावर आली आणि जराही न घसरता अलीकडेच थांबली. सासरा आणि जावई काचांतून समोरासमोर.

"रेनडिअर आडवं आलं," आर्मास उतरत म्हणाला.

वेसाने रस्त्याकडे पाहिलं. ताज्या बर्फावर एका चक्राकार घसरणीखेरीज काही नव्हतं. खुराचा ठसा औषधालाही नाही. "असेल," तो म्हणाला आणि त्याने आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं.

विल्माशेजारी अंग चोरून बसत आर्मास म्हणाला, "हळू चालव रे. या चपलांचा भरवसा नाही." एवढं होऊनही जीभ काही रुतली नव्हती.

कबरस्तानात बर्फभर मेणबत्त्या पेटल्या होत्या. आर्मासने हातमोज्याने हिल्क्काच्या दगडावरचं बर्फ झटकलं. तिच्याशी बोलायची सवय त्याने सोडली नव्हती. "उशीर झाला गं," तो पुटपुटला. "वाटेत रेनडिअर आडवं आलं."

विल्माने मेणबत्ती छातीशी घट्ट धरली. "उक्की, आजीला तरी खोटं नको ना सांगू."

मागे मारित आणि वेसा उभे होते. दोघांनीही ऐकलं. आर्मास गुडघ्यांवर बसला, काडी ओढली, ती विझली, दुसरी ओढली. विल्माने वात पुढे केली, तेव्हा कुठे ज्योत धरली.

"रेनडिअर नव्हतं गं, हिल्क्का," तो म्हणाला. "नवी चाकं मी पुढे लावली. मी बसतो तिथे."