मामा मागे उभा

आमच्याकडे लग्नात नवरीच्या मागे मामा उभा राहतो, हातात लिंबू टोचलेली कट्यार घेऊन. मी एकुलता एक मामा. आणि दोन वर्षांपूर्वी तळेगावच्या घराचा पत्रा नीट करायला चढलो, तो थेट पाठीवरच उतरलो. मणक्याला मार बसला. तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा वडिवळ्याहून बहीण आली. "दादा, तू बसूनच ऱ्हा. कोन काय म्हनत न्हाई," म्हणाली. मला रागच आला. तीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवलेला मास्तर मी, मामेपण बसून करू?

मग पुण्यातल्या एका केंद्रात जायला लागलो. तिथे पाठीला चिकटपट्ट्या लावून मज्जारज्जूला विजेचा सौम्य प्रवाह देत. पाठीत मुंग्या चालत आणि बहिरे झालेले पाय जरा ऐकू लागत. मग कमरेला पट्टा, पट्ट्याला चार दोऱ्या, दोऱ्यांना मोटरी. हा त्यांचा रोबो. मी उभा राहिलो की तो न सांगता एखादी दोरी ओढायचा. मी झटकन समोरचा दांडा धरायचो आणि त्याला शिव्या घालायचो.

थेरपिस्ट मुलगी हसायची. "काका, तो पडू देणार नाही. तोल जाऊ द्या आणि परत आणा. दांडा सोडा."

दांडा सोडायला मला तीन महिने लागले. सोडणं भाग होतं. एका हातात कट्यार, दुसऱ्या हातात अक्षता. दांडा धरायला तिसरा हात आणायचा कुठून?

पुढे चिकटपट्ट्या काढल्यावरही, गुडघ्यांना आधाराचे पट्टे बांधून, थोडा वेळ उभं राहता येऊ लागलं. किती वेळ लागेल ते मोबाईलवर मंगलाष्टकं लावून मोजलं. पाच कडवी, सहा मिनिटं. मी आठ मिनिटांची तयारी केली आणि स्वतःवर खूश झालो. एवढी लग्नं पाहूनही आमच्याकडच्या बायका हिशेबात धरायच्या राहिल्या.

कामशेतच्या कार्यालयात भटजींचं पाचवं कडवं संपलं आणि भाचीच्या आत्याने माईक घेतला. स्वतः रचलेलं मंगलाष्टक, त्यात सगळ्या चुलत्यांची नावं. मग नवऱ्याची मावशी. ती का मागे राहील? मग कॉलेजातली मैत्रीण. तिची चाल चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

माझी आठ मिनिटं केव्हाच संपली होती. मागे बायको खुर्ची घेऊन उभी होती. "बसा आता, झालं की सगळं," ती कुजबुजली.

"'तदेव लग्नं' व्हायचंय अजून," मी म्हणालो.

तेवढ्यात कुणीतरी अक्षतांची मूठ अशी भिरकावली की ती माझ्या कानशिलावरच बसली. मी दचकून डावीकडे झुकलो. दांडा नव्हता, दोऱ्या नव्हत्या. तोल जाऊ दिला आणि कमरेतून परत आणला. त्या दुष्ट यंत्राची मला पहिल्यांदाच प्रेमाने आठवण झाली.

अंतरपाट सरला, हार पडले, ताशे वाजले. भाची मागे वळली आणि मला बघायला तिने सवयीने खाली पाहिलं, खुर्चीच्या उंचीवर. तिथे माझ्या सदऱ्याची बटणं होती. मग तिने हळूहळू मान वर केली.

"मामा," एवढंच म्हणाली.

मला फार आनंद झाला. मग मी बसलो.