स्टडवरची खूण

हडपसरच्या कारखान्यातून बाबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्याच वर्षी मला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. टूलरूममध्ये त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. आता हाताखाली उरली ती त्यांची जुनी मोटारसायकल. एकदा तिचा सायलेन्सर उतरवताना तो धरून ठेवणारा स्टड, म्हणजे आट्यांची पोलादी खुंटी, इंजिनाशी अगदी सपाट तुटला. पकडीत धरावे इतकेही टोक उरले नाही.

"मेकॅनिककडे देऊ या का?"

"देऊ की. मी मेल्यावर."

तीन दिवस ते सकाळ-संध्याकाळ त्या तुकड्यावर तेलाचे थेंब सोडत राहिले. जिन्याखाली गंजाचा आणि तेलाचा ओलसर, तुरट वास साचला. चौथ्या सकाळी त्यांनी तुकड्याच्या मध्यावर टोकदार पंचाने खूण ठोकली. तिथे बारीक भोक पाडायचे, उलट्या आट्यांचे हत्यार फिरवायचे, की तुकडा बाहेर येतो. मात्र खूण केसभर जरी सरकली, तरी ड्रिल कठीण पोलाद सोडून इंजिनाच्या मऊ अॅल्युमिनियममध्ये घुसते. म्हणून टूलरूमची रीत अशी, की खूण करणाऱ्याने ती स्वतः पास करायची नाही, दुसऱ्याने पाहायची.

"बघ गं, मध्यावर आहे का. कॉम्प्युटरवाल्यांना मध्य तरी कळत असेल."

कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. ओढणी सावरत मी वाकले. काळ्या तेलात एक चमकता ठिपका दिसला, एवढेच.

"आहे," मी म्हणाले, आणि धावले.

संध्याकाळी परतले तेव्हा ते पायरीवर बसले होते. हातांवरचे तेल तसेच. भोक तिरके गेले होते, इंजिनातले आटे खरवडले होते, आणि फरशीवर अॅल्युमिनियमचा चंदेरी कीस पडला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी गाडी ढकलत मेकॅनिककडे नेली.

"काका, खूणच बाजूला पडलीय," तो म्हणाला. "होतं असं. नवे आटे पाडून देतो."

"माझा हात गेला," बाबा म्हणाले.

हात कोणाचाही सरकतो. मी नीट पाहिले नव्हते, एवढे एक वाक्य तिथे पुरले असते. ते ओठांपर्यंत आले, तेलकट धुरात रेंगाळले, आणि मी गिळून टाकले.

गाडी पुढेही कित्येक वर्षे चालली. बाबांनी मात्र पुन्हा पाना हाती धरला नाही. मोरीतला नळ गळू लागला, तरी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता ते म्हणत, "प्लंबरला बोलाव."

मी बोलावीत असे.