वाकडा पिंपळ

शुद्धलेखन माझं चौथीतच थांबलं, आणि अक्षर त्याच्याही आधी. ब्रश धरला की हात सरळ चालतो, टाक धरला की लंगडतो. वाचणाऱ्यानं रागावू नये.

बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सुखदेवभाऊ पॉइंट्समनच्या मुलीचं लग्न होतं. लग्नघराच्या भिंती रंगवायची ऑर्डर मला मिळाली होती. मोर झाले, केळीचे खांब झाले. शेवटी दारावर गेरूनं मोठा गणपती काढला. मी भिंतीकडे तोंड करून काम करते, म्हणजे कोणाशी बोलावं लागत नाही. तेव्हा तर काय काढू, हेसुद्धा विचारत नसे.

मागून सुखदेवभाऊंचा आवाज आला. "मावशी, हे काहून काढलं तुमी? आमी दीक्षा घेतली ना!"

घरात बाबासाहेबांचा फोटो लावलेला मी सकाळीच पाहिला होता. पाहून छान वाटलं होतं. पण हात आपले जुन्याच वाटेनं गेले.

त्यांची म्हातारी आई बाहेर आली. "गणपती झकास उतरला वं बाई. फक्त घर चुकलं!"

हसायला कोणी तयार नव्हतं. अकोल्याचे व्याही कडक होते. लग्न नव्या पद्धतीनंच होईल, ही त्यांची पहिली अट. वऱ्हाड दुपारच्या गाडीनं येणार होतं.

"दारातूनच वापस जातील ते," सुखदेवभाऊ म्हणाले आणि ओट्यावर बसले.

मी चुना मारला. पण गेरू हट्टी असतो. ओल्या चुन्यातून त्याची लाली वर येते. सोंड तर आधीपेक्षा ठसठशीत दिसायला लागली.

नवरी कमल पिंपळाचं पान घेऊन आली. "मावशी, बोधिवृक्ष काढा. पानं दाट काढा."

जिथे लाली, तिथे पान. सोंडेवर खोड चढवलं. ते वाकडं झालं ते झालंच.

व्याही आले. दारात थांबून वर पाहत राहिले. मी रंगाच्या डब्यांमागे बसले होते.

"पिंपळ हाये का हा?"

"हाये जी," सुखदेवभाऊ म्हणाले.

"मंग खोड काहून वाकडं?"

म्हातारी पुढे झाली. "बडनेऱ्याचा पिंपळ हाये, याहीबुवा. इंजिनाच्या वाफेनं वाकला."

व्याही खो खो हसले आणि आत गेले.

नंतर त्या लायनीतल्या घराघरातून मागणी आली. वाकडा पिंपळ पाहिजे, आणि खाली इंजिन. पुढे व्याह्यांनी मला अकोल्यालाही बोलावलं. या वेळी मी आधी विचारलं, "काय काढू जी?"

"तोच पिंपळ. खोड वाकडंच पाहिजे."

मी मन लावून काढला. खोड एकदम सरळ आलं. ते म्हणाले, "हा बडनेऱ्याचा नाई. पुसा."

मुद्दाम वाकडं काढायला मला अजूनही जमत नाही.