आत्याबाईंची आडवी पेटी

अरे सुतळ्या,

परवा तुझ्या घरी जाऊन आले. तुझ्या मुलीने तुझा फोटो दुसऱ्याच कुठल्या दुकानातून फ्रेम करून आणलाय. काच फोटोला चिकटलेली, आणि डावीकडची कड उजवीपेक्षा अर्धं बोट जास्त. तू असतास तर भिंतीवरून उतरवून, खिळे उपटून पहिल्यापासून केला असतास, आणि तोवर कुणाला रडूही दिलं नसतंस.  

तिथे जमलेले लोक म्हणत होते, "साधा माणूस होता, फ्रेमवाला." साधा म्हणे! यांना काय कळतंय.

नववीत मी तुला शिकवत होते. जीवशास्त्रात शंभरात अकरा. बेडकाची आकृती मात्र छापल्यासारखी, भोवती पट्टीने आखलेली चौकट, आणि आतली सगळी नावं चुकलेली. अंगाने काडी म्हणून पोरांनी सुतळ्या नाव पाडलं. पुढच्या वर्षी वडिलांचे हात थरथरायला लागले आणि तू त्यांच्या फ्रेमच्या दुकानात बसलास. मी दुकानात येऊन भांडले, तर तुझे वडील म्हणाले, "बाई, बेडूक याचं पोट भरणार आहे का?"  

दोन दारांच्या रुंदीचं ते दुकान तू चाळीस वर्षं चालवलंस. टेप असूनही माप आधी सुतळीने घ्यायचास. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ठरलेला, "कुठे टांगणार? तिथे ऊन कुठून येतं?" लोक वैतागायचे. काहींना तर तू, त्या भिंतीवर फोटो सहा महिन्यांत पांढरा पडेल, असं सांगून परत पाठवायचास. धंदा करायची ही रीत नव्हे. पण तू बसवलेला एकही फोटो मी पिवळा पडलेला पाहिला नाही.

आणि मग आमच्या धाकटीची कोळीण आली.

माझी धाकटी बहीण एकटी राहते आणि तळहाताएवढी, आठ पायांची केसाळ कोळीण पाळते. नाव आत्याबाई. आत्याबाईला मिशा असत्या तर, असं आपण म्हणतो ना. हिला अंगभर होत्या. धाकटीच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं, दोन महिने इस्पितळात राहायचं होतं. माझ्याकडे आणताना कोळिणीची जुनी पेटी गाडीत आपटून तडकली. बाईसाहेब भोकं पाडलेल्या बरणीत मुक्कामाला. जाताना धाकटी म्हणाली, "ताई, मी परत येईन तेव्हा ती असायला हवी. नाहीतर घरी यायचं कुणासाठी?"

म्हटलं, "मी काय मेले आहे का?" पण शब्द लागला. कोळिणीचं काही बरंवाईट झालं तर ही अंथरुणातून उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तुझ्याकडे आले. "सुतळ्या, एक काचेची पेटी हवी. आत कोळीण राहणार."

"मेलेली?"

"जिवंत."

तू हातातली काच खाली ठेवलीस. "बाई, मला झुरळाचीसुद्धा भीती वाटते."

"तुला काच कापायचीय, संसार नाही करायचा तिच्याशी."

तरी घरी आलास. बरणीकडे पाठ करून उभा राहिलास, आणि ऊन कुठून येतं, चूल किती लांब, पंख्याचा वारा कुठवर पोचतो, सगळं पाहून पुस्तकांच्या कपाटाशेजारचा सावलीतला कोपरा निवडलास. चार दिवसांनी पेटी आणलीस. काय पेटी होती! दोन फूट उंच, वरखाली गुळगुळीत लाकूड, तीन बाजूंना पक्की काच, पुढची काच खाचेतून सरकणारी. मागच्या काचेला आतून काळी मखमल. सगळे सांधे खाकी पट्टीने असे बंद केलेले की धुळीचा कण आत जाईल तर शपथ. आम्ही खाली दोन बोटं काथ्याचा ओलसर भुसा घातला आणि आत्याबाईंना सोडलं. मी म्हटलं, "शाबास!"

दोघेही गाढव. तू जन्मभर मेलेल्या माणसांचे फोटो बसवलेस. त्यांना हवा कशाला लागते? मी जन्मभर बाटलीतले मेलेले कोळी दाखवून पाय मोजायला शिकवलं. बाटलीतला कोळी पडत नाही.

तिसऱ्या दिवशी काचेवर वाफ धरली. आत्याबाई मखमलीला धरून अगदी छताशी चढून बसलेल्या. धाकटीला फोनवर सांगितलं, तर ती किंचाळलीच. "ताई, हिला श्वास कुठून? आणि दोन फूट उंच? ही जमिनीवर राहणारी आहे गं! वरून पडली तर पोट फुटेल, संपलं सगळं! काच उघडू नकोस, धक्का देऊ नकोस."

तुला बोलावलं. वाटलं होतं, दारातूनच परत जाशील. पण आत आलास. पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्यास आणि म्हणालास, "बाई, तिला खाली आणायचं कशाला? पेटीच आडवी करू. भिंत जमीन होईल."

कपाटातले माझे जाडजूड ग्रंथ पेटीमागे रचले. तू पेटी दोन्ही हातांनी धरून मागे त्यांच्यावर टेकवलीस. मग मी वरचं एकेक पुस्तक काढायचं, आणि तू पेटी तेवढीच, एका पुस्तकाएवढी, खाली घ्यायची. तुझं नाक काचेला लागलेलं आणि पलीकडे ती. घाम डोळ्यांत गेला तरी पुसला नाहीस.

"पुढचं काढा, बाई."

"कुठलं होतं रे हे?"

"बेडकाचं असेल. काढा."

अकरा पुस्तकं. शेवटचं निघालं तेव्हा आत्याबाई मखमलीवर सपाट उभ्या होत्या, काही घडलंच नाही अशा. तू काच हळूच सरकवलीस, मी तिच्यावर बरणी पालथी घातली. खालून पुठ्ठा सरकवायला माझा हात पुढे होत होता, तो तूच बाजूला केलास. "हे काम माझं आहे. तुमचा हात जड आहे." फोटोभोवती लावायचा माउंटचा पातळ पुठ्ठा तू तिच्या आठही पायांखालून असा नेलास की एक पाय उचलून तिने वाट करून दिली.

मग त्याच पेटीचं तू घर केलंस. पूर्वीचं छत आणि तळ आता दोन टोकं झाली होती. त्यांना समोरासमोर बारीक भोकं पाडलीस, म्हणजे वारा आरपार जाईल. नखं अडकू नयेत म्हणून प्रत्येक भोक आतून घासलंस. पुढची सरकती काच झाली झाकण. मखमलीवर आपण वीतभर भुसा दाबून भरला, वर मोजून वीतभरही जागा ठेवली नाही. पडलीच तर मऊ पडेल. अर्धी फुटकी कुंडी पालथी घालून दार सावलीकडे केलंस. पाण्याला बरणीचं झाकण. मी दिवा लावू या म्हटलं, तर म्हणालास, "नको बाई. उजेड बघणाऱ्याला हवा असतो."

हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही.

त्यानंतर दर गुरुवारी दुकान बंद असलं की यायचास. पाचव्या गुरुवारी आत्याबाई पाठीवर पडलेल्या, पाय वर. "बाई, गेली," म्हणून तू खुर्चीत बसलास. फोनवर धाकटी हसली, कितीतरी दिवसांनी. म्हणाली, मरताना पाय पोटाखाली मुडपतात. उताणी पडली म्हणजे कात टाकतेय, हात लावू नका. तू झाकणावर टॉवेल टाकलास आणि दुपारभर दारात बसून राहिलास. इस्त्रीवाल्याला बेल वाजवू दिली नाहीस. खोकला आला तर जिन्यात जाऊन खोकलास. संध्याकाळी टॉवेल उचलला तर आत दोन कोळिणी! एक ओली, नवी कोरी. दुसरी पोकळ.

पोकळ कात तू स्वतः बोटांनी उचललीस, झुरळाला भिणाऱ्या माणसाने. "बाई, ही वाळली की मला आणून द्या. खोल फ्रेम करतो. धाकट्या बाईंना देऊ."

धाकटी काठी टेकत आली. आधी पेटीशी गेली, मग माझ्याशी बोलली. पेटीसकट आत्याबाईंना घेऊन गेली. दोघी ठणठणीत आहेत. कात मात्र माझ्याकडेच राहिली. तू रस्त्यात भेटलास की विचारायचास, "बाई, कात?" मी म्हणायचे, "आणते रे, घाई काय आहे!"

परवा निघताना तुझ्या मुलीने एक छोटी खोल फ्रेम दाखवली. आत पांढरा पुठ्ठा, कात मावेल एवढी जागा, मागची पट्टी न लावलेली. "ही कुणाची ऑर्डर, काही कळत नाही. बाबांनी लिहूनच ठेवलं नाही."

मी चप्पल घालत होते. म्हटलं, "राहू दे. येईल कुणीतरी न्यायला."

दुकान माझ्या घरापासून चार मिनिटांवर आहे. कात अजून बिस्किटाच्या डब्यात, कापसावर.