सगळे आल्याशिवाय झाकण निघणार नाही

विमलताई, गुडघा कसा आहे? सॅमसन, आज फार खोकत होतास, आता बरं आहे का? रूथ, बाळाचा ताप उतरला ना?

आज सिंगापूरला, तोआ पायोहमधल्या आमच्या घरी आपली मराठी उपासना झाली. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या भांडकुदळ मंडळीला लिहिलेल्या पत्रांवर मीच बोलले. तिथे सवडीची माणसं आधी येऊन प्रभुभोजनाला पोटभर जेवत आणि कामावरून येणारे उपाशी राहत. पौल त्यावर फार चिडला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लगेच ताटं घेतली.

मग आपली नर्स शीला ड्युटी संपवून थेट आली. पातेल्यात नुसता रस्सा उरला होता. "जेवून आलेय हो, मावशी," ती म्हणाली. निघताना दारात हळूच म्हणाली, "पुढच्या रविवारी जमेलसं वाटत नाही."

ती गेल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, यापुढे थांबायचं. सॅमसन म्हणाला, "मावशी, मुलं कुठवर थांबणार?" बाबा रे, मुलांना बिस्किटं देईन. पण मोठ्यांनी थांबायचं. माझ्या घरात सगळे आल्याशिवाय पातेल्याचं झाकण निघणार नाही. शीलाला आणायला मी स्वतः एमआरटीच्या मेट्रो स्टेशनापर्यंत जाणार आहे.

तुम्ही कामावरून कधी सुटता? लवकर लिहून कळवा, त्याप्रमाणे भात टाकीन.