मासेवाल्याच्या रापी

माझे मोठे काका कुणाकडेही गेले, की चहा येण्याआधी बशी उलटी करून बघायचे. ती बनवणाऱ्याचा ठसा वाचल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. एकदा बशीत चहा ओतलाय हे विसरून त्यांनी ती उलटी केली आणि यजमानांची नवी चादर भिजवली. घरी आल्यावर काकू म्हणाली, "लग्नाच्या आधी मला उलटून पाहिलं नाहीत, हेच माझं नशीब!"

काका चामड्याच्या बॅगा शिवायचे. उभा जन्म त्यातच गेला. निवृत्त झाल्यावर त्यांना आपल्याच धंद्यातली जुनी हत्यारं जमवायचा नाद लागला. चामडं कापायच्या रुंद पात्याच्या रापी, भोकं पाडायच्या आऱ्या, हातोड्या, पकडी. भंगारवाल्याकडे, जुन्या बाजारात, बंद पडलेल्या दुकानांच्या माळ्यावर काका हजर. आणलेलं हत्यार ते रॉकेलमध्ये भिजत घालायचे, मऊ फडक्याने टिपून घ्यायचे, पण कधी घासायचे नाहीत. मग खिडकीशी बसून भिंग लावायचं. मुठीलगत, पात्याच्या कडेला, लोहाराने ठोकलेली खूण असायची. कुणाचा जोडचंद्र, कुणाचा कंगवा. त्या लोहारांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून काकांनी खुणेवरूनच त्यांची बारशी केली होती. कंगवेवाला, चंद्रवाला आणि सगळ्यांत लाडका मासेवाला.

मासेवाल्याच्या रापी ते डोळे मिटूनसुद्धा हातात घेऊन बसायचे. "हे बघ," मला म्हणायचे, "या रापीवर माशाचे दोन्ही पर शाबूत आहेत. म्हणजे ठोकायचा ठसा नवा होता. आणि हिच्यावर शेपटीचं टोक उडालंय. ठसा झिजला, पण त्याने बदलला नाही. मासा म्हातारा होत गेला, त्याच्यासोबत."

मी एकदा म्हटलं, सगळ्यांचे फोटो काढून ठेवू या. तर म्हणाले, "वस्तू घरात असताना फोटो कशाला? फोटो गेलेल्या माणसांचे लावतात."

एका भंगारवाल्याकडून त्यांना एका म्हाताऱ्या बाईंचा पत्ता लागला. त्यांचे वडील म्हणे रापी बनवायचे. काकांनी फोन केला आणि खूण विचारली. त्या म्हणाल्या, "मासा. अहो, ठसा ठोकताना रापी हलू नये म्हणून मी दुसऱ्या टोकाला धरून बसायचे. आमच्याकडे त्यांच्या हातचं काहीच उरलं नाही हो. भावाने दुकान आवरलं, तेव्हा सगळं लोखंड वजनावर गेलं."

"माझ्याकडे आहेत," काका म्हणाले. "तुम्ही या. त्यातली एक तुमची."

त्या येणार म्हणून काका स्टुलावर चढून भिंतीवरची हत्यारांची मांडणी नीट करायला गेले, आणि तोल जाऊन पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. काकू दवाखान्यात आणि घराची किल्ली माझ्या बाबांकडे.

बाबा काकांचे धाकटे भाऊ. आजोबा लवकर गेले, तेव्हा काकांनीच त्यांना वाढवलं, शिकवलं, बोहल्यावर उभं केलं. भावासाठी काय करू आणि काय नको असं बाबांना नेहमी होई, आणि बाबांचं सगळं काम उरकाउरकीचं. रिकाम्या घरात भिंतीवरची ती काळी, गंजकी हत्यारं त्यांनी पाहिली. दादा घरी येणार, पाठोपाठ पाहुण्या येणार. त्यांनी सगळी हत्यारं पोत्यात भरली आणि धार लावणाऱ्याकडे नेली. त्याच्याकडे लोखंड घासून चकाकी आणायचं विजेवर फिरणारं चाक होतं. दिवसभर बाबा तिथे उभे होते. "अजून थोडं, अजून थोडं," असं सांगत होते.

काकांना घरी आणायला मीच गाडी घेऊन गेले होते. खुर्चीत बसवून वर आणल्यावर वॉकर टेकत टेकत ते खोलीत आले आणि थबकले. भिंत लखलखत होती. आरशासमोर उभं राहावं तशी आमची तोंडं त्या पात्यांत दिसत होती.

"कसं वाटतंय, दादा?" बाबांचा चेहरा निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखा झाला होता.

काका खुर्चीत टेकले. "छान," म्हणाले. "फार मेहनत घेतलीस रे." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "भिंग दे."

पुढचे दिवस त्यांनी खिडकीशीच काढले. पातं तिरकं धरायचं, बॅटरी कडेने मारायची, खडू चोळून बघायचा. चंद्रवाल्याने खूण दणकून ठोकली होती, तिची पुसट कोर कुठे कुठे राहिली होती. पण मासेवाल्याचा हात हलका. त्याचा एकही मासा शिल्लक नव्हता. पात्यांच्या कडाही गोल झाल्या होत्या, त्यामुळे घडणीवरूनही कुणाची कुठली ते कळेना.

"मेल्याला सांगा तरी!" काकू चिडून म्हणाली. "रागवा! तुमच्या जन्माची जमवाजमव धुऊन टाकली त्याने."

"कसा रागवू?" काका म्हणाले. "शत्रूने केलं असतं तर जीभ होती मला."

त्यांनी पाहुण्यांना फोन करून येऊ नका म्हणायचं ठरवलं. फोन उचलून ठेवलाही. पण नाही म्हणायला कारण काय देणार? आणि त्या आल्याच. अंगाने बारीक, पाठीत वाकलेल्या, दोन जिने चढून धापा टाकणाऱ्या. बाबा त्यांना हाताला धरून आत घेऊन आले.

भिंतीकडे बघून त्या हरखल्या. "अगबाई! केवढं जपलंय हो!" मग विचारलं, "यातली आमच्या वडिलांची कुठली?"

बाबांनी पुढे होऊन सगळ्यांत मोठी रापी काढली. "ही घ्या, आजी. ही सगळ्यांत छान झालीय."

आजींनी चष्मा सारखा केला. मुठीलगत अंगठा फिरवला. पातं पालथं केलं, पुन्हा उताणं केलं. "मासा नाही दिसत हो. डोळेच गेले माझे."

कुठलीही एक रापी दाखवून "हीच" म्हटलं असतं, तर त्या समाधानाने घरी गेल्या असत्या. काकांना ते सुचलं नसेल असं नाही. "डोळे चांगले आहेत तुमचे," शेवटी ते म्हणाले. "मासा पुसला गेला. साफ करताना. यात आहेत त्यांच्या रापी, नक्की आहेत. पण कुठल्या, ते आता मला सांगता येत नाही."

बाबांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा काकांकडे. त्या क्षणी त्यांना कळलं. ते तिथेच पलंगाच्या कडेवर बसले.

आजींनी भिंतीवरच्या एकेक रापीला हात लावला, वरच्या राहिल्या त्या मी काढून दिल्या. सगळ्या झाल्यावर पदराने बोटं पुसली. काकूने चहा दिला, तो त्यांनी घेतला. काका म्हणाले, "हवी ती न्या." त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या बापाची नेली तर?" आणि जिना उतरून गेल्या.

तेव्हापासून बाबा दर रविवारी जुन्या बाजारात जातात. कागदात गुंडाळून काहीबाही घेऊन येतात. "दादा, हा मासा बघ!" काका भिंग लावतात. कधी पान असतं, कधी होडी, कधी नुसता गंजाचा डाग. "नाही रे," ते म्हणतात, "पण चांगली आहे, ठेव." बाबांना जाऊ नको म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं, आणि आपल्याला काही मिळणार नाही हे बाबांनाही ठाऊक आहे. मधे काकांनी आजींना फोन लावून पाहिला. त्या मुलीकडे राहायला गेल्या होत्या, नंबर कुणाकडेच नव्हता.

काकांना अजून वॉकर सुटलेला नाही. परवा मी गेले, तेव्हा दोघे भाऊ खिडकीशी बसले होते आणि बाबा त्यांना एका आरीवरचा गंज दाखवत होते. "पुसू का?" त्यांनी विचारलं. "पूस," काका म्हणाले. बाबा फडकं हातात घेऊन तसेच बसून राहिले.