चिंचेखाली डॉट कॉम

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, पुढं मातीत. पेणला रामवाडीकडं आमचा गणपतीचा कारखाना. बोर्डावर वडिलांनी भारी नाव रंगवून घेतलेलं, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाय. दारात मोठी चिंच होती, म्हणून सगळे म्हणायचे, चिंचेखाली. पुढं रस्ता रुंद झाला, चिंच गेली. म्हणणं गेलं नाय.

नव्वदीच्या शेवटाला माझा रोह्याचा जावई कॉम्प्युटर शिकला. कंपनीत शिफ्ट करून शिकला, हे मानतो मी. एक दिवस आला नि म्हणाला, "मामा, कारखान्याची वेबसाइट काढू. दुबई-अमेरिकेतनं ऑर्डरी येतील. फक्त नाव ठरवा. एकदा घेतलं की जगात आपण त्याच नावानं."

त्याच नावानं म्हटल्यावर मी ब्रश खाली ठेवला.

त्यानं आणलेली नावं सगळी इंग्रजी. ग्लोबल काय, इंटरनॅशनल काय. मी म्हटलं, "चिंचेखाली टाका."

"मामा, चिंच हाय कुठं? लोक हसतील."

"हसू द्या. तुमच्या घरचा पाट दर वर्षी माझ्याकडं येतो, त्याच्यावरच गणपती बसून जातो. आईंना फोन लावा. पाट कुठं पाठवता, विचारा."

त्यानं लावला. विहीणबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून बोलतात मोठ्यानं. कारखानाभर ऐकू गेलं.

"कुठं म्हणजे? चिंचेखाली. का रे, सासऱ्याशी भांडलास काय?"

कारागीर हसले. जावई नाय हसला. "आई इथली, मामा. अमेरिकेतल्या माणसाला काय कळणार?"

"अमेरिकेत गणपती कोण मागवणार, गोरा? इथनंच गेलेला ना? त्याचा बाप पाट काखेत मारून माझ्या दारात यायचा. घरात जे ऐकलं तेच त्या पोराला आठवणार. आणि नसंल आठवत तर राहिलं. माझ्या मालाला मी परकं नाव लावणार नाय. साइट नको मला."

रागानं चहा न घेता गेला. घरी मुलीनं काय सुनावलं ठाऊक नाय, पण पुढच्या सुट्टीला नाव घेऊनच आला. चिंचेखाली, पुढं डॉट कॉम. सोबत कॅमेरा, आणि कुंडीत चिंचेचं रोप.

"फोटोत झाड पायजे ना, मामा."

रोप मी त्याच्याच हातात परत दिलं. खुर्ची उचलली, चिंच होती तिथं डांबराच्या कडेला मांडली आणि भर उन्हात बसलो.

"काढा," म्हटलं.